अडीचचा डाव

माझ्या वडिलांना मी तीन महिने लुटलं. त्यातले पहिले सव्वादोन महिने मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते मी मनाला लावून घेत नाही. पुढच्या तीन आठवड्यांचं मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

मी अर्पिता. यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, तेही आले तर. संभाव्यता हा माझा आवडता विषय. वर्गात साठ पोरं, त्यातली चाळीस मोबाइलमध्ये आणि उरलेली झोपेत. बावन्न पत्त्यांतून एक्का निघण्याची शक्यता फळ्यावर लिहिता लिहिता एक दिवस मला स्वतःचाच राग आला. एवढं सगळं येतं आणि त्याचा जगात काडीचा उपयोग नाही, असं कसं?

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तेव्हा अजून बंदी आली नव्हती. मी पोकर खेळायला लागले. सगळ्यात लहान टेबल, एक-दोन रुपयांचं. दोनशे रुपये घेऊन बसायचं. पहिले दोन महिने मी सपाटून हरले, कारण पुढचा पत्ता कोणता निघतो हे बघायची मला हौस फार. हौसेला मोल नाही म्हणतात, पण पोकरमध्ये असतं, आणि ते लगेच वसूल होतं.

मग मी एक वही केली. शंभरातले ऐंशी डाव न खेळताच सोडायचे. हरले की रागाने पुढचा डाव खेळायचा नाही. डाव जिंकला की हरला हे बघायचं नाही, आपला निर्णय बरोबर होता का तेवढं बघायचं. आणि सगळ्यात कामाचा नियम असा, की लहान टेबलावर शहाण्यांशी लढून शहाणपण सिद्ध करायचं नाही. कच्चा खेळाडू शोधायचा आणि त्याच्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे तो आधी चाल करतो आणि आपण ती बघून ठरवतो.

माझा कच्चा खेळाडू मला जूनमध्ये सापडला. नाव ‘रामराम५८’. रोज दुपारी अडीचला यायचा, त्याच टेबलावर बसायचा, चारला जायचा. पत्ते हातात येताच पैसे लावायचा. तो तीनपत्तीवाला होता, हे मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. तीनपत्तीत सीक्वेन्स, म्हणजे ओळीचे पत्ते, हा कलरच्या, म्हणजे एकाच रंगाच्या पत्त्यांच्या, वर असतो, पोकरमध्ये बरोबर उलटं. टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत तीन बदाम उघडे पडलेले, समोरच्याकडे कलर आहे हे आंधळ्यालाही दिसावं, आणि हा आपला सीक्वेन्स घेऊन छाती काढून उभा. वहीत मी त्याच्या नावाचं पान केलं. ‘सीक्वेन्स सोडत नाही. जाळ्यात आपणहून येतो.’ लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता! अडीचचा माझा तास मी नयनशी बदलून घेतला. नयन फिजिक्स शिकवते आणि आम्ही एकाच खोलीत राहतो. महिन्याकाठी हजार-बाराशे रुपये त्या एका माणसाकडून यायला लागले.

पोळा दोन दिवसांवर आला होता. मी कलरने त्याचा सीक्वेन्स मारला आणि त्याच्या नावाखाली एक ओळ उमटली. त्याने कधी काही लिहिलं नव्हतं. अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली: ‘बाकीचे उतरतानी घेजा.’

बाबा एसटीत कंडक्टर होते. सुट्टे नसले की प्रत्येक कंडक्टर हे बोलतो, पण बाबा ते घरातही बोलायचे. आईने भाजीला पैसे मागितले की, ‘बाकीचे उतरतानी घेजा.’ मी पत्त्यांत त्यांना हरवलं आणि पैजेचं चॉकलेट मागितलं की तेच. आई चिडायची आणि ते आणखी खुशीत यायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ते वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मग आठवलं. गेल्या दिवाळीत मीच ते ॲप त्यांच्या फोनवर टाकलं होतं. नवा माणूस जोडून दिला की आपल्याला शंभर रुपये मिळायचे. मी शंभर रुपये घेतले आणि ॲप काढून टाकायचं विसरले. आणि अठ्ठावन्न हे बाबांच्या जन्माचं साल.

फोन हातातून गळून पडला वगैरे काही झालं नाही. मी पुढचा डाव खेळले. त्यात त्यांचे चाळीस रुपये जिंकले.

रात्रीपर्यंत कारणं तयार होती. मी उठले तर दुसरा कुणी त्यांच्या डाव्या हाताला बसेल, त्यापेक्षा घरातले पैसे घरात राहिलेले बरे. दिवाळीला सगळे एकदम परत देऊ. नयनला हे सगळं नीट पटवून सांगितलं, तर ती भाकरी मोडता मोडता थांबली.

“म्हंजे कुंपणच शेत खाऊन राह्यलं,” ती म्हणाली. “त्यायले सांगत काहून नाही?”

“वाईट वाटन त्यायले.”

“त्यायले, का तुले?”

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं काय ते आता सांगते. मला जिंकायला आवडत होतं. कॉलेजात माझं कुणी ऐकत नव्हतं, पगार कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, आणि दिवसातला तो दीड तास असा होता की मी बरोबर असले तर बरोबर ठरायचे. समोर कोण आहे हे मी बघायचं टाळलं. बाबांना फोन मी आठ-पंधरा दिवसांतून एकदा करायचे. ‘जेवले का? बरं आहे नं?’ झालं. टेबलावर मात्र रोज भेटत होते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “पेन्शन लेट झाली वं या खेपेले. हजार रुपये पाठवशीन का?”

माझ्या जन्मात त्यांनी माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. एसटीची पेन्शन किती असते ते यवतमाळात कुणालाही विचारा, लोक हसतील. त्या पेन्शनीत माझा रोज हात होता. मी शनिवारी दोन दिवसांची पिशवी भरली आणि दिग्रसची गाडी पकडली. सगळं सांगायचं, ॲप काढून टाकायचं, पैसे हातात द्यायचे, असं ठरवून निघाले. दारव्हा येईपर्यंत वाक्यंसुद्धा पाठ झाली होती.

बाबांना मी येतेय हे सांगितलं नव्हतं. ते बाजेवर बसले होते, चष्मा नाकावर. मला बघून चेहरा उजळला आणि लगेच ते ओशाळले. “अवं, सांगाचं तं होतं! घरात दूध नाही.”

“आणते नं मी.”

“नको, नको. दूध पचतच नाही मले आताशा. दोन महिने झाले, कोराच घेतो.”

खिडकीत त्यांची ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी होती. तारीख बघितली, गोळ्या मोजल्या. एक दिवसाआड खाल्लेल्या होत्या.

“डॉक्टरनं सांगितलं का हे?”

“मीच ठरवलं. रोज कायले पायजे?” असं म्हणून त्यांनी विषय बदलला. “थांब, तुले एक गंमत दाखवतो. हसशीन नाही नं?”

त्यांनी फोन माझ्या समोर धरला. तेच टेबल. माझी खुर्ची रिकामी.

“हा खेळ सापडला मले फोनमधी. पयले काहीच समजे नाही. मंग एक जन भेटला. ‘एक्स१७’ नाव त्याचं.” एक्स१७ म्हणजे मी. “रोज अडीच वाजता माह्याच बाजूले येऊन बसते. दुसरे येतात, जातात, हा हालत नाही. एक दिवस खाडा नाही. लई हुशार आहे बेटा. मले हारवते, पन बसते माह्याच जवळ.” ते स्वतःशीच हसले. “दिवसभर कोनी बोलत नाही वं घरात. आपली कोनी वाट पाहून राह्यलं, असं वाटलं का जेवनबी लवकर उरकते.”

लाज हा शब्द फार लहान आहे. मला त्या क्षणी तिथून नाहीसं व्हायचं होतं.

पावणेतीन झाले. बाबा दर मिनिटाला फोनकडे बघत होते. मी समोर बसले होते, इतक्या दिवसांनी आलेली त्यांची एकुलती एक मुलगी, आणि ते माझी वाट बघत होते.

“आज नाही आला,” ते म्हणाले. “असं कधी झालं नाही. तब्येत तं बरी असन नं त्याची?”

“मी चहा करते,” मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस लावला. आधण ठेवलं. मग फोन काढला आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

“आला! अर्पिता, आला वं!” बाहेरून आवाज आला. पोरासारखा आनंद होता त्या आवाजात.

मी ठरवलं, आज सगळं हरायचं. जेवढं त्यांच्या पदरात टाकता येईल तेवढं टाकायचं, सांगायचं ते मग सांगू. पहिल्या डावात दोन राण्या आल्या, त्यांनी पाच रुपये लावताच मी पत्ते टाकले. दुसऱ्या डावात टाकले. तिसऱ्यात पन्नास रुपये वाढवून ऐनवेळी पळाले. माझी पाळी आली की फोन टिंग करायचा. कॉलेजात तो नेहमी मुका असतो. घरी त्याचं तोंड बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

बाहेर पुटपुट सुरू झाली. “हा काय करून राह्यला आज? पाच रुपये लावले का पळते. हा तो नव्हेच. दुसऱ्या कोनाच्या हाती फोन देल्ला का यानं?” मग जरा मोठ्याने, कडवट: “का दया करून राह्यला माह्यावर?”

त्यांनी पैसे लावले. टिंग.

पुटपुट थांबली. पुढच्या फेरीला त्यांनी पुन्हा लावले. पुन्हा टिंग. आतल्या खोलीतून बाहेर चार पावलं, मधे नुसता पडदा. चहा उकळून वर आला आणि मी गॅस बंद केला.

पुढच्या डावात त्यांनी उरलेले सगळे पैसे मधे ढकलले. दोनशे सत्तर रुपये. माझ्याकडे तीन गुलाम झाले होते.

“अर्पिता,” पडद्यापलीकडून ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “खेळाचं तं बरोबर खेळ.”

वेळ संपत आलेली दाखवणारी पट्टी लाल झाली. पत्ते टाकले असते तर ती दयाच ठरली असती, आणि ती त्यांना नको होती. मी कॉल केला, तेवढेच पैसे मधे ढकलले. त्यांच्याकडे दोन जोड्या होत्या. दोनशे सत्तर रुपये माझ्याकडे सरकले आणि ‘रामराम५८’च्या पुढे शून्य आलं.

मी दोन कपांत कोरा चहा ओतला. पडदा सरकला. बाबा दारात उभे होते, चष्मा हातात. माझ्या फोनकडे त्यांनी बघितलंही नाही.

“कवापासून माहीत होतं तुले?”

एवढंच विचारलं. पैशांचं नाही, गोळ्यांचं नाही. मी उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही, कारण वेळ घेतला की माणूस सापडतो हे मला ठाऊक आहे.

“आत्ताच,” मी म्हणाले. “आत्ता तुमचा फोन पाह्यला तवा.”

माझा आवाज हलला नाही, नजर हलली नाही. तीन महिन्यांत मी याहून चांगली थाप मारली नव्हती.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी असे हजारो प्रवासी पाहिले होते. पुसदपासून बसून आलेला माणूस दिग्रसला तिकीट मागितलं की म्हणतो, आत्ताच चढलो, मागच्या थांब्यावर. ते हुज्जत घालत नसत. एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि पुसदपासूनचं तिकीट फाडून हातात द्यायचे.

त्यांनी माझ्याकडे तसंच एकदा बघितलं.

“बरं,” ते म्हणाले. ओट्यावरचा कप उचलला, उभ्या उभ्याच एक घोट घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पिशवी उघडली नसन तं राहू दे तशीच. साडेचारची यवतमाळ गाडी भेटन तुले.”