मातीवरचा डावखुरा

त्या साली मेअखेरचा नवतपा असा पेटला होता की नागपुरात धंतोलीच्या डांबरी रस्त्यावर सायकलीला स्टँड लावावा लागत नसे. चाकं आपोआप रुतून सायकल उभी राही. नळाला पाणी यायचं तेच उकळलेलं, चहाची पत्ती तेवढी टाकायची बाकी. अशा दिवसांत शहाणा माणूस डोळ्याचं ऑपरेशन करून घेत नाही. मोतीबिंदू काढायचा तो हिवाळ्यात. पण आनंदरावांची लेक प्रेमिला पडली शाळेत मास्तरीण. तिला सुट्टी उन्हाळ्यातच, आणि डोळा काही दिवाळीपर्यंत थांबायला तयार नव्हता. उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेला होता. उरला होता डावा. एकच.

म्हणून आनंदराव एका खाजगी दवाखान्यात, दोन खाटांच्या खोलीत उताणे पडले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, खिडकीला वाळ्याची ताटी. डॉक्टरांनी बजावलं होतं की पंधरा दिवस खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. "टाके कच्चे आहेत. डोळ्यात पाणी भरलं तर डोळा गेला म्हणून समजा."

खोकण्या-शिंकण्याचं आनंदरावांना काही वाटलं नाही. हसण्यासारखं तर आयुष्यात फारसं घडतच नव्हतं. भीती होती ती रडण्याची. कारण नवतपा आणि पॅरिसची टेनिस स्पर्धा दरसाल एकाच सुमाराला लागतात, आणि गेली बारा वर्षं आनंदराव त्या दिवसांत न चुकता रडत आले होते.

आता टेनिसपायी रडणारा माणूस नागपुरात कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. तर तो रोलरमागून आला. साहेब लोकांच्या एका क्लबात आनंदरावांनी चौतीस वर्षं कोर्ट केलं. मुरूम चाळायचा, त्यात काळी माती कालवायची, शेणाचा हात फिरवायचा, पाणी मारायचं आणि रोलर ओढायचा. त्यांच्या कोर्टापुढे आरसा खडबडीत वाटतो, असं लोक सांगत. लोकांनी सांगितलं नसतं तर आनंदरावांनी सांगितलं असतं. छप्पन साली सकाळी पांढरे कपडे घालून त्यांनी दीक्षा घेतली आणि संध्याकाळी तेच कपडे खोवून कोर्टाला पाणी दिलं, कारण वाळलेली माती सणवार ओळखत नाही. एवढ्या वर्षांत रॅकेट हातात आली ती एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे नेण्यापुरती. पण पाहायला कुणाची मनाई नव्हती, म्हणून त्यांनी चौतीस वर्षं नुसतं पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी क्लबानं कोर्टावर सिमेंट ओतलं. सिमेंटला माळी लागत नाही. तेव्हापासून आनंदरावांची माती उरली ती फक्त पेपरात, एप्रिलपासून जूनपर्यंत, खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात दोन ओळींत.

त्या दोन ओळींत त्यांचा डावखुरा असे. आनंदराव स्वतः डावरे, म्हणून जीव जडला. परदेशी नाव, पेपरातला कंपोझिटर ते दर खेपेला वेगळं जुळवी, त्यामुळे पहिली दोन वर्षं आनंदराव तीन निरनिराळ्या खेळाडूंसाठी झुरत होते. हा डावखुरा गवतावर वाघ होता, लाकडी फळ्यांवर वाघ होता. मातीवर आला की संपलं. मातीवर चेंडू मंद होतो, उंच उठतो. मारलेला चेंडू परत येतो, पुन्हा मारा, पुन्हा येतो, सासुरवाडीच्या पाहुण्यासारखा. तिथं दम धरणारा जिंकतो आणि डावखुऱ्याला नेमका दमच नव्हता. आनंदरावांना हे इतकं कळे की ते एकटेच खाटेवर बसून हात हलवत: अरे थांब, अजून एक येऊ दे, आता नको मारू. पण नागपूरच्या खाटेवरचा हात पॅरिसला दिसत नाही. एप्रिलमध्ये मॉन्टे कार्लोला हरायचा, मेमध्ये रोमला हरायचा, आणि नवतप्यात पॅरिसला असा हरायचा की आनंदराव दोन दिवस जेवत नसत. यंदा मॉन्टे कार्लो झालं होतं, रोम झालं होतं, दोन्हीकडे तेच. आणि पेपरानं छापलं होतं की पॅरिसनंतर डावखुरा खेळणं सोडणार. म्हणजे माती त्याला कधीच वश होणार नव्हती. ज्या मातीत आनंदरावांनी जन्म घालवला तिनं दोघांनाही काही दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेजारच्या खाटेवर कुहीकडचे लहानू होते, धानाची शेती करणारे. त्यांचा एक डोळा पट्टीत होता, दुसरा अधू पण उघडा. चौथी शिकलेले असल्यामुळे ते रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचत आणि दवाखान्यातल्या नर्सेसना त्यामुळे घड्याळ पाहावं लागत नसे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, आनंदराव झोपलेत असं समजून, दाराशी प्रेमिला कुजबुजली. "लहानूकाका, तो टेनिसवाला हरला-बिरला तर बाबांना कळू देऊ नका. काहीही सांगा. डोळ्याचा प्रश्न आहे."

"तुमी घोर नका करू बाई," लहानू म्हणाले. त्यांची कुजबूज रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातही ऐकू गेली असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर सळसळला. "आनंदराव, तुमचा डावखुरा जिंकला गा."

आनंदरावांच्या छातीत काहीतरी उडी मारून उभं राहिलं. "स्कोर काय आहे?"

पेपर पुन्हा सळसळला, जवळ गेला, दूर गेला. "एकवीस-सतरा."

ती उडी मारलेली वस्तू पुन्हा खाली बसली. एकवीस-सतरा हा कबड्डीचा स्कोर. पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही मातीवर टेनिसचा स्कोर एकवीस-सतरा होत नाही. म्हणजे हरला. पहिल्याच फेरीत हरला. शेवटच्या वर्षी, कुण्या नवख्याकडून. आणि ही माणसं आपल्याला फुलासारखं जपून राहिली आहेत.

पट्टीखाली डोळा जड झाला. आनंदरावांनी दात आवळले, आणि घशाला हुंदक्याऐवजी दुसरं काम द्यावं म्हणून विचारलं, "खेळला कसा?"

"मस्त खेळला ना," लहानू खुलले. "माती होती म्हणते. चिखलणी केलेली धानाची बांधी असते ना, तशी. घोट्याएवढा चिखल. समोरचा फसला तं फसलाच. आपल्यानं पायजामा खोवला आन देल्ला हाणून."

"चिखल नसते गा तिथं. कोरडी माती असते. विटा कुटून भुकटी पसरवते ते लोक."

"चांगल्या विटा?"

"चांगल्या."

"घरं बांधायची नाई काय त्याइले?"

आनंदरावांना हसू आलं असतं, पण तेही मना होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

मग तसंच चाललं. एक दिवसाआड पेपर सळसळे आणि डावखुरा जिंके. पंचवीस-बावीस जिंकला. एकदा नुसताच 'भारी फरकानं' जिंकला. आनंदराव ऐकत. त्यांना ठाऊक होतं की पॅरिसच्या कोर्टावर आता दुसरेच कुणी खेळताहेत आणि आपला माणूस केव्हाच बॅग भरून गेला. तरी ते विचारत, मग काय झालं. कारण बारा वर्षांत डावखुऱ्याबद्दल दोन ओळींवर तिसरी ओळ त्यांना कुणी ऐकवली नव्हती. खोटा असला तरी सामना होता. दर खेपेला तो ऐकायचा, मनात त्याचं सुतक धरायचं आणि डोळा कोरडा ठेवायचा.

उपांत्य सामन्यात लहानूंनी भांडण घातलं. "समोरचा म्हणे चेंडू बाहेर पडला. आमच्या शेजारच्या रूपरावसारखा आहे तो. रूपराव दरसाल वावराचा धुरा हातभर सरकवते आन वरतून म्हणते, इथंच होता."

"मातीवर तसं चालत नाही," आनंदराव म्हणाले. "चेंडू पडला की ठसा राहते. पंच खुर्चीवरून उतरते, ठसा पाह्यते, आन सांगते. गवतावर खोटं पचते. सिमेंटवर पचते. मातीवर नाही पचत, लहानू."

लहानूंनी पेपराची घडी घातली. आनंदरावांना वाईट वाटलं. म्हाताऱ्याला उगाच टोचलं आपण. मग पलीकडून उसासा आला. "असा पंच आमच्या कुहीले पाह्यजे होता."

संध्याकाळी प्रेमिला मऊ भात घेऊन यायची. "ऐकलं ना बाबा? जिंकला म्हणे."

"हो वं. ऐकलं."

"मग असे काय पडलाय?"

"डागदरनं हसू नको म्हटलं आहे," आनंदराव म्हणाले, आणि तिनं ते खरं मानलं.

चौदाव्या दिवशी सकाळी लहानूंनी पेपर उघडला आणि खाटेवर उभेच राहिले; खाट कुरकुरली त्यावरून कळलं. "आनंदराव, फायनल जिंकला गा. कप घेतला त्यानं."

पुढचा अर्धा तास त्यांनी तो सामना असा सांगितला की ताटीवर पाणी मारायला आलेली बाई बादली घेऊन तशीच उभी राहिली. डावखुरा पडला, उठला, घाईत मारणार तोच थांबला. "थांबला गा आनंदराव. दम धरला त्यानं. चेंडू येऊ देल्ला, आजून एक येऊ देल्ला, मंग हाणला." लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. कपात किती पायली धान मावेल याचाही हिशेब झाला.

दम धरला, हे शब्द आनंदरावांनी लहानूंना कधी सांगितले नव्हते. नेमकं जे बारा वर्षं खाटेवरून ओरडावंसं वाटलं ते या माणसानं डावखुऱ्याकडून करवून घेतलं. खोटं इतकं सुंदर होतं की ते आता सोसवेना. उद्या लहानूंना दवाखान्यातून सुट्टी होती. उद्यापासून खोटंसुद्धा उरणार नव्हतं. खरा डावखुरा पहिल्याच दिवशी हरून, कुणी न रडता, निघून गेला होता. त्याच्यासाठी रडणारा जगात एकच माणूस, आणि त्याच्याही डोळ्यावर पट्टी.

लहानू तोंड धुवायला बाहेर गेले. आनंदरावांनी दात आवळले, बोटं खाटेच्या पाटीत अडकवली, मनात रोलर ओढायला घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसऱ्या फेरीला रोलर हातून सुटला. पट्टी आतून ओली झाली, मग गाल, मग उशी.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. खोलीत धुरकट पांढरा उजेड होता आणि त्यात एक काळसर काहीतरी हलत होतं.

"किती बोटं आहेत?"

"बोटं आहेत काय?"

डॉक्टर बराच वेळ टॉर्च घेऊन वाकले. "रडला होतात का मधे?"

"घाम आला होता साहेब. नवतपा आहे."

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. मग बाहेर जाऊन प्रेमिलाशी बोलले. चष्मा लागेल. माणूस समोर आला तर कळेल, दार कळेल, बसची पाटी कदाचित. पेपर नाही. आता तो कधीच नाही.

सायकल रिक्षातून घरी येईपर्यंत प्रेमिला रडत होती. आनंदराव तिला म्हणाले, "दोघांनी रडायची गरज नाही."

घरी त्यांना खाटेवर बसवल्यावर तिनं ट्रंकेवरचा इंग्रजी पेपर उचलला. शाळेच्या हेडबाईंकडून मागून आणला होता, मुद्दाम जपून ठेवला होता. बाबांना फोटो आणि स्कोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल म्हणून.

"बाबा, हा वाचून दाखवते. फायनलचा आहे. मोठी बातमी आहे, फोटोसकट."

"कोण जिंकलं?"

"तुमचा डावखुराच. दवाखान्यात ऐकलं ना? सहा-चार, तीन-सहा, सहा-दोन, सात-पाच."

आनंदराव ऐकत राहिले.

"पुढं लिहिलंय, आजवर घाईनं हरणाऱ्या या खेळाडूनं या वेळी विलक्षण संयम दाखवला."

"लहानू तं एकवीस-सतरा म्हणत होता."

"लहानूकाकांना बारीक आकडे कुठं दिसत होते? मोठ्या अक्षरातलं 'विजयी' तेवढं वाचायचे. मीच विचारलं तर म्हणाले, आकडे अंदाजानं टाकले. पण जिंकत होता बाबा तो. दर सामना जिंकत होता."

प्रेमिला आयुष्यात स्वतःच्या तोंडानं खोटं बोललेली नव्हती; दवाखान्यातही ते काम तिनं लहानूंवर सोपवलं होतं. शाळेत इन्स्पेक्टर आले त्या दिवशीही तिनं हजेरीपटात गैरहजर पोरांना गैरहजरच मांडलं होतं. हे आनंदरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण समोर एक पांढुरका चौकोन हलत होता, त्यावर काय छापलंय ते देव जाणे आणि हेडबाई जाणे. आपला डोळा गेला, त्याचं या पोरीला किती लागलं असेल. त्यापायी ती आज पहिल्यांदा खोटं बोलते आहे. लहानूनं शिकवलं असणार.

त्यांनी हात पुढं केला, चाचपडत तिचं डोकं सापडेपर्यंत, आणि त्यावरून फिरवला.

"पोरी," ते म्हणाले, "स्कोर मात्र तू बरोबर जमवला वं."