सतरा जागा

न्यूक्लिअर मेडिसिन हा विभाग इस्पितळाच्या तळघरात होता. वरच्या मजल्यांवर माणसं बरी होत होती किंवा जात होती. तळघरात त्यांना सुई टोचून नुसतं बसवून ठेवत. बायकोला सकाळी साडेनऊला दंडात किरणोत्सारी औषध टोचलं आणि सांगितलं, तीन तास थांबा, भरपूर पाणी प्या. औषध हाडांत जाऊन बसेल, जिथे सूज आहे तिथे जास्त बसेल, आणि मग कॅमेरा ते टिपेल. आज रात्रीपर्यंत लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या जवळ जायचं नाही. आमची मुलगी सातव्या महिन्यात होती आणि आमच्याच घरी होती.

"मी जवळ बसलो तर चालेल?" मी विचारलं.

"तुम्हाला काही होत नाही, काका," टेक्निशियन मुलगी म्हणाली.

गेली नऊ वर्षं मला खरोखरच काही होत नव्हतं.

मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाडीभोवती एक फेरी मारायची आणि लिहायचं, यातलं नुकसान खरं किती आणि गाडीवाल्याच्या मनातलं किती. चोवीस वर्षांत मला कोणी गंडवलेलं नाही. बायकोची दुखणी सुरू झाली तेव्हा मी तीही त्याच डोळ्यांनी बघितली. बाई हिंडतीफिरती, अंगावर ओरखडा नाही. रक्त तपासलं, नॉर्मल. एक्स-रे काढला, नॉर्मल. पुन्हा रक्त, पुन्हा नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, "फार मनावर घेता तुम्ही," आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. माझ्या दृष्टीने फाइल तिथेच बंद झाली. पाहुणे आले की मी सांगायचो, "आमच्याकडे दर आठवड्याला एका सांध्याचं उद्घाटन असतं. या आठवड्यात घोटा. फीत कापायला या!" पाहुणे हसायचे. चहाचा ट्रे तळव्यांवर पेलत तीही हसायची. ट्रे असा तळव्यांवर धरायची तिची लकब आहे, असं मी समजत होतो.

"अहो," बायको म्हणाली, "यातही काही निघालं नाही तर?"

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? मग मी खोटीच ठरले."

"खोटी कोण म्हणतंय तुला?"

तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, मी झाकण उघडून दिलं. "नाही निघालं ना, तर परत कधी शब्द काढायची नाही मी," ती म्हणाली. "पोरीच्या बाळंतपणात गप राबेन. पण एकदा निघू दे हो काहीतरी."

चांगली शहाणीसुरती बाई तळघरात बसून स्वतःला आजार निघावा म्हणून हात जोडत होती. जुळत होते तेवढे.

थोड्या वेळाने ती बाथरूमला गेली आणि टेक्निशियन मुलगी फॉर्म घेऊन आली. त्यावर माणसाची आकृती होती, पुढून आणि मागून. जिथे दुखतं तिथे फुली मारायची. बायकोला पेन धरवत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे तिच्या अक्षराची मी टिंगल करायचो, त्यावरून ठाऊक होतं. म्हटलं, आपणच भरून टाकू, तिला कशाला त्रास. शिवाय असे फॉर्म मी रोज भरतो. गाडीची आकृती, पुढून आणि मागून, धक्का बसला तिथे फुली. दोन गुडघे, कंबर, उजवं मनगट. चार फुल्या मारल्या आणि खाली सही ठोकली. नातं: पती. ती परत येईपर्यंत फॉर्म आत गेलासुद्धा.

साडेबाराला तिला अरुंद टेबलावर निजवलं. कॅमेरा तिच्या अंगावरून इंचाइंचाने सरकू लागला आणि काचेपलीकडच्या पडद्यावर एक राखाडी सांगाडा डोक्याकडून पायांकडे उमटत गेला. त्यावर काळे डाग होते. मी गुडघे यायची वाट बघत होतो. गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आधीच माझी मोजणी चुकली.

"काका, फॉर्म कोणी भरला होता?" टेक्निशियन मुलीने विचारलं.

"मी."

"अच्छा."

असं 'अच्छा' मी गाडीवाल्यांना पुष्कळदा म्हटलेलं आहे.

डॉक्टरांनी तीन वाजता आत बोलावलं. पडद्यावर बायकोचा सांगाडा होता आणि खुर्चीत बायको होती. "नुसत्या स्कॅनवर मी शिक्का मारत नाही," डॉक्टर म्हणाले. "सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतोय. रक्त नॉर्मल असूनही असा आजार असू शकतो. आणि इथे सूज आहे, जुनी आहे, सतरा जागी आहे."

"आहे ना?" बायको म्हणाली. "आहे ना नक्की?"

"आहे तर! हा बघा जबडा. चावताना दुखतं?"

"चार वर्षं झाली."

चार वर्षं मी तिला विचारत होतो, तू जेवतेस की संशोधन करतेस?

"हे गळ्याखालचं हाड?"

"कुशीवर झोपता येत नाही."

"टाचा?"

"सकाळी उठल्यावर वीस-पंचवीस पावलं भिंत धरून चालते. मग सुटतात."

सकाळी मी घरीच असतो. बहुधा पेपर वाचत असतो.

डॉक्टरांनी फॉर्म उचलला. "पण इथे चारच फुल्या आहेत. बाकीच्या का नाही मारल्या?"

बायकोने फॉर्म बघितला. खालची सहीही बघितली. "राहिल्या," ती म्हणाली.

"मूठ वळा बघू." मूठ अर्ध्यावर येऊन थांबली. डॉक्टरांचा आवाज जरा उतरला. "हल्ली औषधं चांगली आहेत, सूज आटोक्यात येईल. पण बोटं आणि मनगट जेवढं आखडलंय तेवढं सगळं सुटेल, असं मी नाही सांगणार. पाच-सहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं. का थांबलात?"

सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी हाच स्कॅन लिहून दिला होता. चिठ्ठी माझ्याकडे होती. मनाचे फोटो निघत नसतात, असं म्हणून मी ती गाडीच्या कप्प्यात टाकली आणि पुढे ती गाडीही विकली.

"मीच अंगावर काढलं," बायको म्हणाली.

"तुम्ही बायका ना, स्वतःकडे बघतच नाही." डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी जबरदस्तीने आणायचं होतं."

तोंड उघडायला जागा होती. वेळही होता. डॉक्टर वाट बघत होते.

"ऐकते कुठे," मी म्हणालो.

बायकोने पर्स खांद्याला अडकवली आणि उठली.

बाहेर आल्याबरोबर तिने मुलीला फोन लावला. "निघालं गं!" बोर्डात पहिली आल्यासारखा आवाज होता. "सतरा! अगं, सतरा जागी! डॉक्टर म्हणाले, नक्की आहे." मग जिन्याच्या पायरीवर बसून ती रडली, आणि येणारेजाणारे माझ्याकडे सहानुभूतीने बघत गेले. एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "घरी नको. रात्रीपर्यंत पोरीच्या जवळ जाता येणार नाही. लायब्ररीत सोडा मला." ती अकरा वर्षं तिथे ग्रंथपाल आहे.

"आज सुट्टी आहे ना तुझी?"

"शिपाईबाईंना सांगायचंय."

"त्यांना कशाला?"

"सहा वर्षं फळीवरची पुस्तकं त्याच काढतात. मी नुसता नंबर सांगते. साहेबांना पत्ता लागू दिला नाही त्यांनी, नाहीतर कधीच घरी बसवलं असतं मला."

शिपाईबाई नावाचं कोणी आहे, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. "मला का नाही सांगितलंस हे सगळं?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पहिली तीन वर्षं रोज सांगत होते."

लायब्ररीपुढे गाडी थांबली. दार तिने कोपराने उघडलं. बहुधा नेहमी तसंच उघडत असणार.

तळमजल्याची खिडकी मोठी होती, गाडीतून आतलं सगळं दिसत होतं. एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आली. बायकोने स्कॅनचं पाकीट वर धरून दाखवलं. बाईने पाकिटाकडे बघितलंही नाही. गठ्ठा खाली ठेवला, खुर्ची ओढली, बायकोला बसवलं आणि समोर स्टुलावर बसून तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. दोघी बोलत होत्या. बाईचा अंगठा मनगटापासून हळूहळू बोटांकडे सरकत होता. एकेक बोट घेत होता. मधल्या बोटापाशी आला, ते सोडून पुढच्या बोटावर गेला. डाव्या हाताचंही तेच बोट तिने सोडलं.

ते का सोडलं, हे आत जाऊन विचारावं लागलं असतं. मी गाडीतच बसून राहिलो.