सेटच्या पडद्यावर रोकुरो

मिनोझाकी बंदरातल्या मच्छीमार संघाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बुडालेल्या खलाशांच्या बायका, आया, भावंडं चटईवर दाटीवाटीने बसली होती. समोर पांढऱ्या कापडावर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, सेट आणि त्यामागे दोन्ही हात वर धरून बसलेले, मेलेल्यांशी बोलणं घडवणारे गुरुजी, काइदो सेन्सेई.

“पाहा, मी हात लावत नाही!” सेन्सेई गरजले. “बटण समुद्र फिरवतो! ज्याला बोलायचंय तो तळातून वर येईल आणि आपलं नाव आपण लिहील. मी कोण? नुसता तारेचा खांब!”

खांब चांगला गरगरीत होता.

पडद्यावर आकडे आपोआप पळू लागले, थांबले आणि नाव उजळलं: ओतोया. खरखरीतून आवाज आला, “हामाए... पाणी फार थंड आहे गं...”

“अहो!” म्हणत म्हाताऱ्या हामाए-सान कोसळल्या. सगळा हॉल हुंदके देऊ लागला.

मी रडत नव्हतो. मी ओगिनो. याच बंदराच्या रेडिओ खोलीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. माझी धाकटी बहीण सुमिए अडीच महिन्यांपूर्वी याच चटईवर बसली होती. घरी येऊन आनंदाने म्हणाली, “दादा, पडद्यावर ह्यांचं नाव आलं! यासुहेई!”

“अगं, तुझ्या नवऱ्याचं नाव कोहेई.”

“अक्षरं तीच ना? तळाशी उच्चार बदलतो, सेन्सेई म्हणाले.”

आमच्याकडे नावं चिनी चित्राक्षरांत लिहितात; कोहेईची दोन अक्षरं यासुहेई अशीही वाचता येतात, आणि सेटचा पडदा नुसता उच्चार दाखवतो. धक्क्यावरच्या, बुडालेल्यांच्या स्मारकशिळेवरून परका माणूस वाचेल तर तिथेच चुकेल. पण मेलेला माणूस स्वतःच्याच नावाला चुकतो? मी तिच्यावर ओरडलो. ती रुसली, फोन उचलेना. मीही ताठ्यात आठवडाभर तिच्याकडे फिरकलो नाही.

त्या आठवड्यात सेटमधल्या आवाजाने तिला सांगितलं, “तू सुई टोचून घेतेस ना, तीच आपल्या दोघांत आडवी येते. समुद्रात टाक.” शेजारणीला हे सांगून सुमिएने आपलं इन्सुलिन बंदरात फेकलं. शेजारणीने दार फोडलं तेव्हा ती बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली.

“आधी पोलिसांकडे जाऊ,” माझी जुनी सहकारी चिगुसा म्हणाली होती.

“जाऊ. पण मला तो सगळ्यांसमोर उघडा पडलेला बघायचाय.”

“हा सूड झाला, ओगिनो-सान.”

“सूडच आहे. येतेस की नाही?”

“आवाज कुठून येतो ते शोधणारी अँटेना घेऊन येते,” ती म्हणाली.

मी अर्ज भरला: मृत धाकटा भाऊ, रोकुरो.

माझी पाळी आली. आकडे पळाले, थांबले. पडद्यावर रोकुरो उजळला.

“दादा... मी रोकुरो... आईला सांग, मी सुखात आहे...”

मी माइक घेतला. “बोट कुठे बुडाली रे?”

“दीपगृहाच्या उत्तरेला, दादा.”

मी हॉलकडे वळलो. “हामाए-सान, तुम्ही आमच्या शेजारच्या. आम्ही भावंडं किती?”

त्यांनी डोळे पुसले. “दोन. तू आणि सुमिए.”

“मग हा रोकुरो कोण?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “कुणीच नाही.”

“दुष्ट आत्मा!” सेन्सेई किंचाळले. “दुसऱ्याच्या नावाने घुसलाय! डोळे मिटा सगळ्यांनी!”

तेवढ्यात सेट बोलला. पडद्यावर नाव रोकुरोचंच, पण आवाज बाईचा, चिगुसाचा. “ओगिनो-सान, सापडले! देवळामागे निळी गाडी आहे, तिच्यातल्याच माइकवरून बोलतेय. तुमचे बंधुराज शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा खातायत. ओठाला शेवाळ चिकटलंय, तेवढाच काय तो समुद्र!”

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी सेटचं मेमरीचं बटण दाबलं. “नीट बघा. या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी साठवून ठेवता येतात आणि प्रत्येकीला नाव देता येतं. साठवलेल्या जागा सेट एकामागून एक आपणच चाळतो. ज्या जागी कुणी बोलतं तिथे थांबतो आणि आपण दिलेलं नाव दाखवतो. बोलणारा गाडीत बसलाय. नावं यांनी तुमच्या अर्जांवरून आणि शिळेवरून घातलीत.”

मी यादी वाचू लागलो. मागून एक बाई ताडकन उठली. “तातेओ? माझा तातेओ? अहो, माझी पाळी तर अजून यायचीय!”

“तातेओ तयार आहे, बाई. आधीच लिहून ठेवलाय.”

तेविसाव्या जागी यासुहेई होता. पुसायचे कष्टही घेतले नव्हते.

सेन्सेईंनी वायरीवर झडप घातली. हामाए-साननी त्यांचं मनगट धरलं. “आता बरा हात लावतोस रे मेल्या!”

मी माइकचं बटण दाबलं. “चिगुसा, सुमिएला सांगितलेलं वाक्य त्याला म्हणायला लाव. त्याच आवाजात.”

खरखर झाली. मग कापरा आवाज आला, “सुई... समुद्रात टाक.”

“हे शब्द कुणाचे?”

“सेन्सेईंचे. माणूस अशक्त झाला की लवकर विश्वास ठेवतो, म्हणाले.”

सेन्सेई माफीसाठी जमिनीवर डोकं टेकायला वाकले.

“टेकू नका,” मी म्हणालो. “वर बघा. एकेक नाव मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक नावानंतर म्हणा, हे मी लिहिलं.”

सव्वीस नावं. तेविसाव्याला त्यांचा आवाज बसला. मी ते दोनदा म्हणायला लावलं, तेही यासुहेई नाही, कोहेई असं. चिगुसाने बोलावलेले पोलीस दारात आले, तर मी त्यांनाही थांबवलं. “तीन नावं राहिलीत.”

मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर सुमिएला फोन करून सगळं सांगावंसं वाटलं. नंबर निम्मा फिरवला आणि हात थांबला.

मेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटणं हा वेडेपणा नाही; ते दुःख आहे, आणि ठकाला ते लांबूनच हेरता येतं. म्हणून सांगतो. चमत्कार दिसला तर रडा हवं तर, पण रडता रडता विचारा: हे नाव कुणी लिहिलं? आवाज कुठल्या जागेवरून येतोय? विचारायला मनाई करणारा माणूस काहीतरी लपवतोच. आणि आवाज अगदी तुमच्या नवऱ्याचा का असेना, त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका. डॉक्टरांना विचारा. तोवर सुई टोचत राहा.