खिळ्यावरची चाळण आणि तीनबोटी

मित्रांनो, मागच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेली ही जुनी चाळण दिसते ना, ती मी. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. कुणी हलवलं नाही की मला करमत नाही. जरा वारा सुटला की मी उगीचच भिंतीवर आपटत राहते.

या घरच्या सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांची चौकट केली, तिला तारेची जाळी ठोकली आणि मी जन्माला आले. हे घर बांधताना गिलाव्याची सगळी वाळू माझ्यातून गेली. "काय चाळण आहे! वाळूचा मैदा करते," असं गवंडी म्हणायचा आणि मी फुशारून जायचे. मग घर उभं राहिलं. गरज सरो, वैद्य मरो! मोडक्या खुर्च्यांमागे मला टाकून दिलं आणि कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले.

पुढे सुताराची थोरली बहीण इथे राहायला आली. सुताराच्या मुलीची ती आत्या. कुणाच्या दारात कोण आलं, कोण गेलं, हे जाणून घ्यायची तिला भारी हौस. पण इथे शेजार लांब आणि परसामागे नुसतं रान. मग तिने मला बाहेर काढलं आणि रानातल्यांवरच नजर ठेवली. संध्याकाळी आत्या आणि भाची मला दोन्हीकडून धरून मागच्या वाटेवर, थेट खुराड्याच्या दारापर्यंत, बारीक माती चाळायच्या. सकाळी त्या मातीत सगळे पाहुणे उमटलेले असायचे. ससा, मुंगूस, काटे फरफटत गेलेलं साळिंदर. आणि एक कोल्हीण. तिच्या पुढच्या पायाला एक बोट कमी होतं, म्हणून मुलीने तिचं नाव तीनबोटी ठेवलं. सुताराने दोरी मारावी तशी तिची पावलं एका रेषेत जायची. यंदा त्यांच्यामागे पिल्लांची इवली पावलंही दिसू लागली. आज कोण येऊन गेलं असेल, या विचाराने उजाडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

आत्याची एक रीत होती. सकाळी ती आधी घरच्या कुत्र्याचे ठसे तळहाताने पुसून टाकायची. कुत्र्याचं नाव शहाण्या. "हे आपलेच. यांची गर्दी कशाला?" असं म्हणून मगच ती बाकीची माती वाचायला बसायची.

अशात खुराड्यातली अंडी नाहीशी होऊ लागली. सुताराच्या बायकोने पिल्लांसाठी खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी! ती भडकली.

"तुमच्या त्या तीनबोटीचेच हे उद्योग. आणखी करा कौतुक!"

"अगं, ती खुराड्याकडे वळतसुद्धा नाही. सरळ येते, सरळ जाते," आत्या म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाचे ठसे दिसतात का तिथे? दाखवा ना!"

आत्या वाकून बघू लागली. खुराड्यापुढची माती कोरी होती. असणारच, शहाण्याचे ठसे पुसताना आत्यानेच ती पुसली होती. रोज पहाटे मिशा चाटत येणारा शहाण्या मला खिळ्यावरून दिसायचा. पण मला तोंड कुठे आहे? नुसती भोकं! चोर सोडून संन्याशाला फाशी होणार, हे दिसत असून मी नुसती भिंतीवर आपटत राहिले.

सुताराने खुराड्याच्या दारात लोखंडी सापळा लावला.

"बाबा, नको ना! तिची पिल्लं लहान आहेत," मुलगी रडायला लागली.

"कळतं गं मला. पण तुझ्या आईची कोंबडी रिकाम्या घरट्यावर बसते, तिचं काय करू?"

शहाण्याला बांधून ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. राखणदाराला कोण बांधतो?

उजाडता उजाडता सापळा वाजला आणि केवढा तरी केकाटण्याचा आवाज आला. सगळे धावले. सापळ्यात शहाण्या होता. त्याच्या मिशांना अंड्याचा बलक लागला होता. सुताराने घाईघाईने सापळा उघडला. "अरे शहाण्या, तू होतास होय रे?" एवढंच तो म्हणाला. पाय वाचला, पण पुढच्या पायाचं एक बोट गेलं.

आत्या स्वतःच्या तळहाताकडे बघत रडली. "मीच पुसत होते रे. रोज, माझ्याच हाताने."

सुताराने सापळा मोडून टाकला. आत्याने मात्र मला हात लावणं सोडलं. किती तरी दिवस मी इथेच लटकत होते, जाळीला गंज चढला, एका कोपऱ्यात ती फाटली. तीनबोटी येते का, पिल्लं वाढली का, काहीच कळेना. त्या दिवसांत मी फार तळमळले.

काल मुलीने मला खाली काढलं, फाटक्या कोपऱ्याला तार ओवली आणि आत्याला हाताला धरून बाहेर आणलं. आज सकाळी मातीत दोन तीनबोटी उमटल्या होत्या. एकीची पावलं दोरीसारखी सरळ, दुसऱ्याची लंगडत, वेडीवाकडी, खुराड्याच्या बंद दारापर्यंत जाऊन परतलेली. सवयीने आत्याचा तळहात पुढे गेला.

"आत्या, राहू दे," मुलगी म्हणाली.

आत्याने हात मागे घेतला आणि कितीतरी वेळ ती त्या वाकड्या पावलांपाशी बसून राहिली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू गंजायला टाकू नका. तार सुटली तर ओवून घ्या. आणि चोराचा माग काढायला बसाल, तेव्हा आपल्या लाडक्याचे ठसे आधी पुसू नका. बघा, वारा सुटलाय, मी पुन्हा भिंतीवर आपटतेय. संध्याकाळ होत आली, कुणी तरी मला खाली काढा ना!