दुसरी गिटार

"जगातले सगळे थोर शोध जेवणाच्या टेबलावरच लागलेत," असं जाहीर करून त्याने भाजीचं पातेलं खुर्चीवर सरकवलं आणि त्या जागी गिटार आडवी केली.

"तुम्हाला आत्तापर्यंत फक्त माझी हरवलेली कात्री सापडलीय," बायको म्हणाली. "आणि ते पातेलं उचला, कुणीतरी बसेल त्यावर."

त्याने पातेलं ओट्यावर नेऊन ठेवलं. संशोधन पुढे सुरू झालं.

पेशाने तो दंततंत्रज्ञ होता. म्हणजे डॉक्टर दात काढत आणि हा कवळ्या बनवत असे. पंचवीस वर्षं त्याने अशा वस्तू घडवल्या होत्या, ज्या चांगल्या जमल्या की लोक त्यांना विसरून जातात. वाईट जमल्या तरच त्याची आठवण निघे, तीही शिव्यांसकट. कौतुकाची सवय नसलेल्या या माणसाने चार महिन्यांपूर्वी मुलीसाठी इलेक्ट्रिक गिटार आणली. दुकानातली सगळ्यात स्वस्त. दुकानदार तिला 'सुरुवातीपुरती' म्हणाला होता. ती घरी आली, मुलीने एक सूर छेडला, आणि तार पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तशी भणभणली.

त्याने गिटारीवर तिरपी नजर टाकली आणि त्याचे डोळे चमकले. दांडीवरचे पितळी पडदे, म्हणजे सूर बदलायला तार ज्यांवर दाबतात त्या आडव्या पट्ट्या, एका उंचीचे नव्हते. कुठे वर आलेला, कुठे खाली दबलेला. हे तोंड त्याच्या ओळखीचं होतं.

मग काय विचारता! कवळी बसवताना चावा तपासायला निळा कागद वापरतात. जिथे निळं उमटतं तो दात उंच. त्याने तोच कागद पडद्यांवर पसरला, वरून पोलादी पट्टी दाबून ओढली. पाचव्यावर निळं, नवव्यावर निळं, चौदाव्यावर तर शाईच सांडली होती.

"बघ, बघ! हा चौदावा बघ!" तो ओरडला. "अक्कलदाढ आहे नुसती!"

मुलगी धावत आली. तिला काही दिसलं नाही, पण बाबाचा चेहरा दिसला. "भारी आहे," ती म्हणाली.

चार महिन्यांत त्याने पडदे घासले, त्यांच्या कडा इतक्या गोल केल्या की त्यांवरून रेशमी कापड न अडकता फिरावं. दांडीच्या पोटातली सळई पाव आटा फिरवून तिचा बाक काढला. तारा ज्यावर टेकतात ती घोडी खाली आणली. सैल खुंट्या बदलल्या. बोटांवरचा निळा रंग या काळात कधी गेलाच नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो तार छेडून डोळे मिटे, आणि घरातले बाकीचे ताटं हातात घेऊन उभे राहत, कारण टेबल रिकामं नसे.

आता मुलीच्या कॉलेजचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी होता. पहिल्यांदाच ती स्टेजवर वाजवणार होती. त्या स्टेजवर ही गिटार जावी, एवढीच त्याची इच्छा होती. ती इतकी मोठी होती की त्याने कुणाला सांगितली नव्हती.

आणि नेमका तेव्हाच मामाचा फोन आला.

मामा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत बडा अधिकारी. त्याच्याकडे अकरा वर्षांपासून एक अस्सल, परदेशी, महागडी गिटार होती आणि तिच्याविषयी बोलायला अफाट वेळ होता.

"भाची स्टेजवर जाणार आणि ते खेळणं घेऊन?" मामा फोनवर म्हणाला. "रविवारी माझी घेऊन येतो."

"खेळणं?" त्याने फोन बायकोच्या हातातून घेतला. "आणाच तुम्ही. दाराआड दोन्ही वाजवू. न बघता ओळखा कुठली चांगली. जी जिंकेल ती स्टेजवर."

"जावईबापू, नंतर रडायचं नाही हं."

रविवारी सकाळी त्याला आणखी एक सुधारणा सुचली. गिटारीच्या पोटात जिथे वायरी असतात, तो खळगा तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवला की घरघर बंद होते म्हणे. त्याने खळगा असा मढवला, की बायको डोकावून म्हणाली, "माझ्या देव्हाऱ्यालासुद्धा कधी एवढं तांबं लागलं नाही." शेवटचा स्क्रू आवळायला आणि बेल वाजायला एकच गाठ पडली. एकदा जोडून बघायला हवं होतं. पण मामा गिटार दोन्ही हातांवर आडवी धरून, तान्हं बाळ आणावं तसा आत आला होता.

मुलगी दोन्ही गिटारी घेऊन आतल्या खोलीत गेली. स्पीकर तिथेच होता. दार लागलं. बाहेर दोघे पुरुष सोफ्यावर रेलले नाहीत, नुसते कडेला बसले.

"पहिली!" आतून आवाज आला. सूर आले. चांगले होते.

मग बराच वेळ काहीच नाही. खुडबूड. खट्. पुन्हा खट्.

"काय झालं गं?" त्याने विचारलं.

"वायर बदलतेय!" पुन्हा शांतता. मग, थोड्या वेगळ्या आवाजात, "हं. दुसरी!"

तेच सूर पुन्हा आले. तिसऱ्याच सुराला त्याने मामाची मांडी गच्च धरली. मामाने त्याचा हात.

"ऐकलंत?" तो कुजबुजला. "ही खुलली!"

"पहिली मुकी होती हिच्यापुढे," मामाचा आवाज ओला झाला. "प्रत्येक सूर कसा सुटा. अकरा वर्षांची ओळख आहे माझी, जावईबापू. ही माझीच."

"अहो, ही माझी! ही स्वच्छता पडद्यांची आहे, चौदाव्याची!"

दार उघडलं. दोघे उठून उभे. मुलगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

"दुसरी... बाबाची."

पुढची पंधरा मिनिटं घरात काय झालं याचं वर्णन बायको नंतर 'थिल्लरपणा' या एका शब्दात करत असे. त्याने मुलीला उचलायचा प्रयत्न केला, ते जमेना तर गिटारीलाच उचलून खोलीभर फिरवलं. मामा मात्र खाली बसला होता. मग तो उठला आणि मोठ्या माणसाला फार जड जाणारं वाक्य बोलला.

"माझीपण अशी करून दे."

'जावईबापू' जाऊन 'दे' आलं होतं. पंचवीस वर्षांत कुठल्या पेशंटने त्याला असं काही म्हटलं नव्हतं. "आत्ता घेतो हातात," तो म्हणाला, आणि मामा जेवून चप्पल घालेपर्यंत त्या परदेशी गिटारीच्या सहाच्या सहा तारा टेबलावर गुंडाळून पडल्या होत्या. मुलगी काही बोलायला पुढे झाली; पण मामाने तिला बसस्टॉपपर्यंत सोबत नेलं.

ती तासाभराने परतली तेव्हा दांडी निघाली होती, खुंट्या वाटीत होत्या आणि बाबा निळ्या बोटांनी कानशीचा शेवटचा हात फिरवत शीळ घालत होता. तुलनेला म्हणून त्याने आतला स्पीकर टेबलाशी आणून आपली विजेती गिटार त्याला जोडली. तार छेडली.

काहीच नाही.

आवाज वाढवला. वायर बदलली. मग मागची झाकणी उघडली आणि क्षणात त्याच्या लक्षात आलं. वायरची पिन आत घातली की जॅकची, म्हणजे पिन खोचायच्या भोकाची, पाती बाहेर ढकलली जात होती, ती थेट तांब्याला टेकत होती, आणि आवाज तिथेच मरत होता. सकाळपासून ही झाकणी कुणी उघडली नव्हती.

"सकाळी ही वाजली कशी?" त्याने विचारलं.

मुलगी दारात चपलेचा बंद सोडत होती. "नाही वाजली."

"मग दुसरी?"

"मामाची."

"आणि पहिली?"

"तीच."

स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला.

"तुम्ही दोघं बाहेर इतके खूश," मुलगी म्हणाली. "कुणाची तरी सांगायलाच लागणार होती."

"मग माझी का?"

तिने त्याच्या हातांकडे बघितलं. "तुझी बोटं निळी होती."

त्याने खणातून काळी चिकटपट्टी काढली, नखाएवढा तुकडा तोडला आणि तांब्यावर जॅकच्या समोर चिकटवला. पिन घातली. तार छेडली. गिटार वाजली, आणि खरोखर चांगली वाजली. घरघर नावालासुद्धा नव्हती.

"पण स्टेजवर न्यायची कुठली?" बायकोने आतून विचारलं.

तिघांनी टेबलाकडे बघितलं. मामाच्या गिटारीचे एकूण एक पडदे घासून झाले होते, सुटे स्क्रू वाटीत होते, आणि त्यातले दोन कुठे बसायचे, हे आता कुणालाच माहीत नव्हतं.