घासलेला ठोकळा

लेझर यंत्रात प्लायवूड आरपार कापलंच जात नव्हतं. वरून पाहिलं तर भोकं नीट गोल, एका ओळीत. फळी उलटी केली की मागची बाजू कोरी. बोटानं ढकलून एकही चकती बाहेर पडेना.

"आत्याआजी, परत तेच?" मुंगीनं विचारलं.

"परत तेच."

मुंगी म्हणजे माझ्या भाच्याची मुलगी. वय वर्षं नऊ, आणि खिशात सदा काहीतरी तुकडे वाहून नेत असते म्हणून मुंगी. तिची आजी, म्हणजे माझ्या वहिनी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण जीभ वळेना. ऐकू येतं, समजतं, वाचता येतं. बोलायला गेल्या की नुसता घोगरा आवाज. पाणी हवंय का, शाल हवी का, दिवा बंद करू का, असं आम्ही एकेक विचारत बसायचो आणि सगळं चुकायचं. परवापासून त्यांनी प्रयत्नच सोडला होता. तोंड भिंतीकडे करून पडून राहायच्या. मला त्या घोगऱ्या आवाजापेक्षा ही शांतता जास्त जड जात होती.

चार वाजता भाचा गाडी घेऊन येणार होता आणि दोघींना आपल्या घरी नेणार होता. त्याआधी वहिनींची बोलायची पाटी व्हायला हवी होती. फोनवर त्यांचं थरथरतं बोट भलतीकडेच पडायचं, कागदावरच्या अक्षरांवरून घसरायचं. म्हणून दोन फळ्या: खालच्या फळीवर अक्षरं, काना, मात्रा, उकार, वेलांट्या कोरायच्या आणि तिच्यावर भोकं पाडलेली जाड फळी बसवायची. बोट भोकात पडलं की तिथंच टिकतं. खालची फळी काल झाली होती. 'हो', 'नाही', 'पुरे' हे कोपऱ्यांत कोरायचं मुंगीनंच सुचवलं. 'गप्प बस' हाही कोपरा तिला हवा होता. "आजी पप्पांना हेच जास्त म्हणायची," असं तिचं म्हणणं. ते मी चौथ्या कोपऱ्यात घातलं.

आता वरची फळी अडली होती, आणि सव्वा वाजून गेला होता.

"घाई करायची नाही," मी म्हटलं. ते मुंगीपेक्षा मी मलाच सांगत होते. "यंत्र रुसलं की त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. थंड ठेवायचं पाणी फिरतंय?"

मुंगीनं बादलीत वाकून पाहिलं. "फिरतंय. फुगे नाहीत."

"भिंग?"

भिंग मी काढून उजेडात धरलं. स्वच्छ. फुगीर बाजू वर ठेवून परत बसवलं. मग आरसे. आरशापुढे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, झाकण लावून किरणाचा एकच झटका द्यायचा आणि डाग कुठे पडतो ते बघायचं. यंत्राच्या चारही कोपऱ्यांत डाग मधोमध पडला. म्हणजे आरसेही शहाण्यासारखे वागत होते.

तेवढ्यात वहिनींनी आवाज केला. घोगरा, मोठा. हात उचलून टेबलाकडे काहीतरी दाखवू लागल्या.

"आजीला पाणी हवंय," म्हणत मुंगी पेला घेऊन धावली. वहिनींनी पेला बाजूला सारला. मी पंखा लावला. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, आणि पुन्हा हात टेबलाकडे. टेबलावर सॅंडपेपर, पट्टी, पेन्सिली, ठोकळा, प्लायवूडचे तुकडे असा नेहमीचा पसारा. मी पट्टी उचलून दाखवली. नाही. पेन्सिल? नाही. मग त्यांनी हात मांडीवर टाकला आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

मी सात वर्षांची होते तेव्हा वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आल्या. मला वाचता येत नव्हतं. घरच्यांनी नाद सोडला होता. वहिनी अक्षराखाली बोट धरून बसायच्या, मी ओळखेपर्यंत बोट हलवायच्या नाहीत. 'किती वेळ लावतेस' असं एकदाही नाही. पुढे तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, पण तितका धीर मला कधी जमला नाही. आणि आज त्या मला काही सांगत होत्या तर मी दोन वस्तू दाखवून थांबले होते.

"मुंगी, उतार करून बघू," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"किरण भिंगातून निघाला की निमुळता होत जातो. एका ठिकाणी सगळ्यात बारीक होतो आणि पुढे परत पसरतो. कापायची ताकद त्या बारीक जागेत. ती जागा फळीवर पडते की नाही, ते बघायचं."

प्लायवूडची एक लांब पट्टी एका टोकाखाली तुकडा घालून तिरकी ठेवली. पट्टीच्या मध्यावर ठोकळा उभा केला, भिंग बसवलेलं यंत्राचं डोकं त्याला टेकेपर्यंत खाली आणलं, स्क्रू आवळला, ठोकळा काढला. दर वेळी हेच करतो. डोकं आणि फळी यांतलं अंतर त्या ठोकळ्याएवढंच हवं. मग झाकण लावून पट्टीवर एक सरळ रेघ जाळली.

मुंगीनं नाक लावून पाहिलं. "इथे जाड, इथे जाड... इथे केसासारखी!"

केसासारखी रेघ मध्यावर यायला हवी होती. ती आली होती खालच्या टोकाकडे. यंत्राचं डोकं जवळपास तीन मिलिमीटर खाली होतं.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे," मी हळूच म्हणाले, "माप खोटं आहे." आणि ठोकळा हातात घेतला.

खुर्चीच्या हातावर थाप बसली. वहिनी! त्यांनी पुन्हा थाप मारली, ठोकळ्याकडे बोट केलं, आणि मग मुंगीकडे.

मुंगीचा चेहरा उतरला. "मी घासला," ती म्हणाली. "सकाळी. त्याची टोकं काळी होती. तूच म्हणतेस ना, कुठल्याही तुकड्याला काळी कड ठेवायची नाही, कुसळ टोचता कामा नये. मला वाटलं, तो पण तसलाच तुकडा."

दोन्ही टोकं अशी गुळगुळीत घासली होती की माझ्या शाळेत तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. चूक माझीच. इतकी वर्षं त्या ठोकळ्यावर मी काही लिहिलं नव्हतं. मला माहीत आहे म्हणजे जगाला माहीत आहे, अशी माझी समजूत.

"रागावलीस?"

"छे गं. तू सांगितलंस म्हणून आपण मोकळे झालो. नाहीतर मी आता पंप उघडून बसले असते. पण तुझ्या आजीनं हे केव्हाच पाहिलं होतं. तासभर तेच सांगत होती आपल्याला, आणि आपण पाणी पाजत होतो."

मुंगीनं जाऊन आजीच्या मांडीत डोकं खुपसलं. वहिनी आवाज न करता हसत होत्या. खांदे हलत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

केसासारखी रेघ होती तिथलं अंतर मोजून डोकं वर घेतलं. वीस मिनिटांत फळी झाली. उचलली तशा चकत्या टपटप खाली पडल्या. सरसाला वाळायला वेळ नव्हता. दोन्ही फळ्या सहा स्क्रूंनी जोडल्या. कडा मुंगीनं घासल्या, या वेळी मला विचारून.

भाचा आला तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती. तो नेहमीसारखा घाईत. गाडीचं मागचं दार उघडून त्यानं उशा मांडल्या. "आई, तू मागे आडवी हो. आरामात जाऊ."

वहिनींनी पाटी मांडीवर घेतली. बोट थरथरत एका भोकाशी आलं, आत पडलं, थांबलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. मुंगी एकेक अक्षर मोठ्यानं वाचत गेली. पु. ढे.

"पुढे? अगं, पण डॉक्टर म्हणाले होते—"

बोट सरळ चौथ्या कोपऱ्यात गेलं.

मुंगी वाचण्याआधीच भाच्यानं वाचलं. मग हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं मागच्या उशा उचलल्या, पुढचं दार उघडलं आणि सीट आईला हवी तेवढी मागे सरकवली.