तोफेखालचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. हॉलंडमधल्या एका गावात मला दर वसंतात बाहेरून हिरवा रंग देतात; आतून मी अजून काळाच आहे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या कारखान्यात झाला. १९४४ च्या उन्हाळ्यात मी समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये उतरलो. ‘हा गाडा माझ्या सासूपेक्षा कमी कुरकुरतो,’ असं माझे प्रमुख सार्जंट क्रॉफ्ट कौतुकाने सांगत. ऑक्टोबरात आम्ही हॉलंडच्या चिखलात पोहोचलो.

चालक टॅन्स्लीला बाहेर पडायला डोक्यावरचं एकच झाकण होतं. तोफ त्याच्या बाजूला वळलेली असली की ते उघडत नसे. म्हणून थांबताना तोफ नेहमी पलीकडे वळवायची, असा आमचा नेम होता.

त्या दुपारी पाऊस होता आणि चहाशिवाय दुपार ढकलणं आमच्या माणसांना जमत नसे. भिंतीचा आडोसा नेमका टॅन्स्लीच्या बाजूला होता. तोफ चालवणाऱ्या इड्रिसने तोफेची नळी तिकडेच वळवली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि खाली स्टोव्ह पेटवला.

‘टॅन्स्ली, उतरतोस, की राजेसाहेबांना चहा आत पाठवू?’ सार्जंट ओरडले.

‘आतच पाठवा, सार्जंट! आणि इड्रिसला ढवळू देऊ नका, तो बोटाने ढवळतो!’

समोरच्या वीतभर झरोक्यातून चहाचा मग आत गेला. तेवढ्यात मागून गोळा लागला. इंजिन बंद पडलं, पेट्रोल पेटलं. टॅन्स्लीने झाकण वर ढकललं. ते नळीवर आदळलं.

‘इड्रिस, तोफ फिरव रे!’

इड्रिस आत उडी मारून तोफ वळवायचं चाक हाताने फिरवू लागला. इंजिनाविना नळी बोट-बोट सरकत होती. मित्रांनो, नळी माझी, झाकण माझं, आग माझ्याच पोटात. आणि मला तसूभरही हलता येत नव्हतं. झाकण वीतभर उघडलं. टॅन्स्लीचा हात बाहेर आला. सार्जंटनी तो घट्ट धरला आणि ओढत राहिले. इड्रिसच्या बाह्या पेटल्या, तेव्हा त्याला इतरांनी बाहेर खेचलं. चाकाच्या आणखी वीस फेऱ्या पुरल्या असत्या.

सार्जंटनी हात बराच वेळ सोडला नाही. मग सोडावा लागला.

इड्रिस वाईट नव्हता, मित्रांनो. त्याने फक्त आडोसा केला होता. तुम्हीही कुठे आडोसा कराल, तेव्हा आधी पाहा, तो कुणाच्या दारावर तर येत नाही ना.